स्नायूंची ताठरता आणि पायांच्या ऐच्छिक हालचाली

स्नायूंची ताठरता, अर्थात स्पॅस्टिसिटी, ही मेंदूला किंवा मेरुरज्जूला इजा झाल्यानंतर उद्भवणारी स्नायूंच्या नैसर्गिक ताणाची विकृती आहे. या अवस्थेत सैल सोडलेला स्नायू दुसऱ्या कोणी ताणला असता तो विरोध करतो आणि ताणण्याचा वेग जितका अधिक, तितका हा विरोधही वाढतो. या विरोधाच्या मुळाशी ताण-प्रतिक्षेप ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. पक्षाघात, बालकांमधील सेरेब्रल पाल्सी, मेरुरज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस तसेच लाखोळीच्या डाळीच्या अतिसेवनाने होणारा लॅथिरिझम ही ताठरतेची प्रमुख कारणे आहेत.

ताठर झालेला पाय हाताला घट्ट लागतो, म्हणून तो बळकट असावा असा समज होतो. वस्तुतः तोच पाय अशक्तही असतो. मेंदूकडून येणारी आज्ञा क्षीण झालेली असते आणि मेरुरज्जूतून निघणारे प्रत्युत्तर अनावर झालेले असते. ऐच्छिक हालचालीत येणारी अडचण या दोन्ही बाबींच्या संयोगातून निर्माण होते.

ताण-प्रतिक्षेप

प्रत्येक कंकाल स्नायूमध्ये त्याच्या तंतूंना समांतर अशी सूक्ष्म संवेदक इंद्रिये असतात. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा त्यांचा आकार सूत कातण्याच्या चातीसारखा असतो, म्हणून त्यांना स्नायू-तर्कू म्हणतात. स्नायूची लांबी किती आहे आणि ती किती वेगाने बदलत आहे, ही माहिती स्नायू-तर्कू मेरुरज्जूकडे पाठवतात.

स्नायू एकाएकी ताणला गेला की तर्कूमधून निघणारा संवेदी चेतातंतू मेरुरज्जूत शिरून त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशीला थेट उत्तेजित करतो. मध्ये दुसरी कोणतीही चेतापेशी नसते. त्यामुळे हे प्रत्युत्तर अतिशय शीघ्र असते. पायाच्या स्नायूंमध्ये ते सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आतच उमटू लागते. मेंदूने विचार करून आज्ञा देण्यापूर्वीच स्नायू आकुंचन पावलेला असतो. वैद्य गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकतात तेव्हा मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू क्षणभर ताणला जातो आणि पाय पुढे उडतो. जर्मन वैद्य विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे या क्रियेचे वर्णन केले. एडवर्ड लिडेल आणि चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये ताण-प्रतिक्षेपाचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. चेतापेशींच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रियेला जोडूनच आणखी एक क्रिया घडते. ताणलेल्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा मिळत असतानाच त्याच्या विरुद्ध दिशेने काम करणाऱ्या स्नायूला सैल होण्याची आज्ञा मिळते. हिला परस्पर निरोध म्हणतात. गुडघा सरळ करणारा स्नायू आखडतो तेव्हा गुडघा वाकवणारा स्नायू सैल पडतो, म्हणूनच सांधा सुरळीत हलतो. दोन्ही बाजूंचे बैल एकाच वेळी विरुद्ध दिशांना ओढू लागले तर गाडी जागची हलत नाही. निरोग शरीरात परस्पर निरोधामुळे असे घडत नाही.

मेंदूचे नियंत्रण

ताण-प्रतिक्षेप मेरुरज्जूत घडत असला तरी त्याची तीव्रता मेंदू ठरवतो. प्रमस्तिष्काच्या प्रेरक भागातून निघणारे लांब चेतातंतू मेरुरज्जूपर्यंत येतात. त्यांपैकी बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर शरीराच्या डाव्या बाजूवर परिणाम होतो, त्याचे कारण हेच आहे. बोटे किंवा घोटा यांची नेमकी, सुटी हालचाल याच तंतूंवर अवलंबून असते. मस्तिष्कस्तंभातून निघणारे इतर काही तंतुमार्ग ताण-प्रतिक्षेपाला आवर घालतात, तर काही त्याला चेतवतात. आवर घालणाऱ्या मार्गांना स्वतःचे काम करण्यासाठी प्रमस्तिष्काचा पाठिंबा लागतो.

निरोगी माणसात प्रतिक्षेपाची तीव्रता प्रसंगानुरूप बदलत राहते. स्थिर उभे असताना पोटरीच्या स्नायूचा प्रतिक्षेप जोमदार असतो, कारण शरीर पुढे झुकू लागताच पोटरीने त्याला सावरायचे असते. चालताना तो मंदावतो आणि धावताना आणखी मंद होतो. पाऊल उचलून पुढे टाकण्याच्या क्षणी तर तो जवळजवळ दाबलाच जातो. त्या क्षणी घोटा वर उचलला जात असतो आणि पोटरी ताणली जात असते. पोटरीने तेव्हा प्रत्युत्तर दिले तर पाऊल खाली खेचले जाईल आणि माणूस अडखळेल.

ताठरतेची निर्मिती

मेरुरज्जूला अकस्मात गंभीर इजा झाल्यास आरंभी इजेच्या खालील भागातील स्नायू लुळे पडतात आणि प्रतिक्षेप नाहीसे होतात. या अवस्थेस मेरुरज्जूचा आघात म्हणतात. पुढील काही आठवड्यांत प्रतिक्षेप परततात आणि हळूहळू प्रमाणाबाहेर वाढतात. पक्षाघातानंतरही अनेकदा आधी सैलपणा आणि नंतर ताठरता असा क्रम दिसतो. या मधल्या काळात मेरुरज्जूत बदल घडत असतात. वरून येणारा निरोध कमी झाल्यामुळे प्रेरक चेतापेशी थोड्याशा उत्तेजनानेही पेटून उठतात आणि एकदा उत्तेजित झाल्या की बराच वेळ शांत होत नाहीत. परस्पर निरोधही दुबळा होतो.

ऑस्ट्रेलियन चेतावैद्य जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये मांडलेली ताठरतेची व्याख्या आजही सर्वाधिक उद्धृत केली जाते. तीनुसार वेगावर अवलंबून असणारी ताण-प्रतिक्षेपाची वाढ हे ताठरतेचे लक्षण होय. ही वाढ वरिष्ठ प्रेरक चेतापेशींच्या इजेतून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचा केवळ एक घटक आहे, हेही त्या व्याख्येत स्पष्ट केलेले आहे. अशक्तपणा, हालचालीतील नेमकेपणाचा लोप आणि लवकर येणारा थकवा हे त्याच समूहाचे इतर घटक आहेत.

कालांतराने स्नायूंची घडणही बदलते. सतत आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू लांबीने कमी होतो आणि त्यातील संयोजी ऊती वाढतात. मग कितीही सावकाश ताणला तरी तो पूर्ण लांब होत नाही. याला आकुंचन-विकृती म्हणतात. ताठरता चेतासंस्थेतून येते, तर आकुंचन-विकृती स्नायूतच मुरलेली असते. पहिली औषधाने कमी होऊ शकते. दुसरीवर औषधाचा परिणाम होत नाही.

पायांच्या ऐच्छिक हालचालींवरील परिणाम

चालणे ही वरवर साधी दिसणारी क्रिया असली तरी तिच्यात प्रत्येक पावलागणिक स्नायूंनी आळीपाळीने आखडणे आणि सैल होणे आवश्यक असते. ताठरतेमुळे ही आळीपाळी बिघडते.

घोटा आणि पाऊल: पाऊल उचलताना पोटरी ताणली जाते आणि अनावर प्रतिक्षेपामुळे ती आखडते. घोटा वर उचलणारे नडगीपुढील स्नायू आधीच अशक्त असतात, त्यामुळे ते या ओढीपुढे हरतात. टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यावर चालतो आणि बोटे जमिनीवर घासतात. अशा व्यक्तीच्या चपलेचा पुढचा भाग लवकर झिजतो.

गुडघा: मांडीच्या पुढील स्नायू पाऊल पुढे टाकण्याच्या वेळीही आखडलेला राहिला तर गुडघा वाकत नाही. मग पाय सरळ पुढे नेता येत नसल्यामुळे तो बाहेरून अर्धवर्तुळ काढत न्यावा लागतो. पक्षाघातानंतर ही चाल वारंवार आढळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांत याउलट मांडीमागील स्नायू आखडतात आणि गुडघे सदोदित वाकलेले राहतात.

मांड्या: मांड्या आत ओढणारे स्नायू ताठर झाले की एक पाय दुसऱ्याच्या पुढ्यात येतो आणि गुडघे एकमेकांवर घासतात. या चालीस कात्रीची चाल म्हणतात.

घोट्याचे कंपन: चवड्यावर भार येऊन पोटरी एकदम ताणली गेली की ती आखडते, सैल होते आणि लगेच पुन्हा ताणली जाते. हे चक्र सेकंदाला साधारण पाच ते आठ वेळा चालू राहते आणि पाय थरथरू लागतो. पायरीच्या कडेवर पाऊल ठेवताना असे कंपन सुरू होऊ शकते. ही थरथर भीतीमुळे येत नाही आणि ती निग्रहाने थांबवता येत नाही. टाच टेकवून पायावर भार दिल्यास ती बहुधा थांबते.

सुट्या हालचालींचा लोप: निरोगी माणूस गुडघा सरळ ठेवून केवळ घोटा वर उचलू शकतो. इजेनंतर अनेकांना हे साधत नाही. गुडघा सरळ केला की घोटाही आपोआप खाली जातो. मांडी वर उचलली की गुडघा आणि घोटा दोन्ही वाकतात. संपूर्ण पाय एकाच साच्यात हलतो.

या सर्वांत वेगाची भूमिका महत्त्वाची असते. सावकाश टाकलेले पाऊल ठीक पडते. मात्र रस्ता ओलांडताना किंवा कोणी मागून हाक मारल्यावर घाई केली की तोच पाय अडतो. वेगाने हालचाल केल्यास विरोधी स्नायू वेगाने ताणला जातो आणि त्याचा प्रतिक्षेप उसळतो. अशा व्यक्तीला घाई करायला लावणे म्हणजे तिच्या पायांना अधिक ताठर करणे होय.

तरीही चालण्यातील सर्व अडचणींचे खापर प्रतिक्षेपावर फोडता येत नाही. चालत असताना स्नायूंतील विद्युत-क्रियेचे मापन केले असता, झोपवून केलेल्या तपासणीत दिसणारी ताठरता चालताना त्याच प्रमाणात आढळतेच असे नाही. पुष्कळदा अशक्तपणा, नेमकेपणाचा लोप आणि स्नायूंची बदललेली घडण हीच अधिक मोठी कारणे ठरतात. ताठरता कमी केली म्हणजे चाल आपोआप सुधारेल, ही अपेक्षा त्यामुळे अनेकदा फोल ठरते.

काही वेळा ताठरता उपकारकही असते. ज्या व्यक्तीच्या मांडीत स्वतःचे बळ उरलेले नाही, तिला उभे राहताना गुडघ्याचा ताठपणाच आधार देतो. अशा वेळी ताठरता पूर्णपणे घालवल्यास पाय लटपटतो आणि उभे राहणेच अशक्य होते.

लाखोळीची डाळ आणि लॅथिरिझम

पायांच्या ताठरतेचे एक उदाहरण विदर्भाच्या शेतीशी जोडलेले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत लाख किंवा लाखोळी हे कडधान्य पूर्वापार घेतले जाते. धान शेतात उभे असतानाच लाखोळीचे बी फेकतात आणि धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. त्याला फारसा खर्च येत नाही, अवर्षणातही ते तग धरते आणि त्याच्या दाण्यात एक चतुर्थांशाहून अधिक प्रथिने असतात. त्यामुळे इतर पिके बुडालेल्या वर्षी गरिबाच्या घरात लाखोळीच उरते.

या दाण्यात ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक विषारी अमिनो आम्ल असते. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. हे द्रव्य मेंदूतील ग्लुटामेट या नैसर्गिक संदेशवाहकाची नक्कल करते आणि प्रेरक चेतापेशींना अतिउत्तेजित करून त्यांची हानी करते. पायांपर्यंत जाणाऱ्या सर्वांत लांब तंतूंना त्याचा विशेष फटका बसतो. आहाराचा मोठा भाग लाखोळीचा असेल आणि असा आहार दोन-तीन महिने चालू राहिला, तर हा विकार होऊ शकतो. तो तरुण पुरुषांत अधिक आढळतो. अधूनमधून, मिश्र आहारात थोड्या प्रमाणात लाखोळी खाल्ल्याने असा परिणाम होत नाही.

लॅथिरिझममध्ये बुद्धी शाबूत राहते, संवेदना बहुतांशी अबाधित असतात आणि हातही सहसा वाचतात. पोटऱ्या आणि मांड्या मात्र ताठर होतात, टाचा उचलल्या जातात आणि चाल कात्रीची होते. या विकाराची तीव्रता वैद्यक ग्रंथांत काठ्यांवरून सांगितली जाते: काठीशिवाय चालणारा, एक काठी लागणारा, दोन काठ्या लागणारा आणि अखेरीस रांगणारा. डाळ खाणे थांबवल्यास विकार सहसा वाढत नाही, परंतु झालेली हानी भरून येत नाही.

हा विकार नवा नाही. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील आयुर्वेदीय ग्रंथात त्रिपुट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धान्यामुळे माणूस पांगळा होतो, असा उल्लेख आहे. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात मध्य भारतातील सागर भागात, पिके बुडाल्यानंतरच्या वर्षांत तरुणांचे पाय निकामी झाल्याची नोंद केली आहे. मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना मजुरीच्या रूपाने हेच धान्य दिले जात असे. म्हणजे धान्य विषारी असले तरी विकाराचे खरे कारण त्याच्याशिवाय दुसरे काही खायला नसणे हे होते.

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. तूरडाळ आणि बेसन यांत तिची भेसळ होत असल्याची चिंताही त्यामागे होती. लागवड मात्र चालूच राहिली आणि बंदीच्या योग्यायोग्यतेवर विदर्भात दीर्घकाळ वाद झाला. पुढे कृषी संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशा अल्प विषाच्या जाती विकसित केल्या. डाळ पुष्कळ पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराचसा अंश निघून जातो.

तपासणी

वैद्य रुग्णाला झोपवून त्याचा सांधा प्रथम सावकाश आणि नंतर वेगाने हलवतात. सावकाश हलवताना विरोध कमी आणि वेगाने हलवताना अधिक असेल, तर ती ताठरता होय. दोन्ही वेळा सारखाच अडथळा असल्यास आकुंचन-विकृतीचा संशय घेतला जातो. काही वेळा जोराचा विरोध एकाएकी नाहीसा होऊन सांधा घडीच्या चाकूसारखा मिटतो. तळव्याच्या बाहेरील कडेवरून बोथट वस्तू ओढली असता अंगठा वर वळणे, हे मेंदूकडून येणाऱ्या मार्गाला इजा झाल्याचे चिन्ह आहे. फ्रेंच चेतावैद्य जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले. तान्ह्या बाळात मात्र ते नैसर्गिक असते. ताठरतेची श्रेणी ठरवण्यासाठी १९६४ मधील अ‍ॅशवर्थ मापनश्रेणी आणि तिची १९८७ मधील सुधारित आवृत्ती वापरली जाते.

दैनंदिन जीवन

ग्रामीण महाराष्ट्रातील राहणीत पायांच्या ताठरतेचे परिणाम विशेष जाणवतात. मांडी घालून जेवायला बसण्यासाठी मांड्या फाकवाव्या लागतात, तर उकिडवे बसण्यासाठी घोटा पूर्ण वाकावा लागतो. आत ओढणारे मांड्यांचे स्नायू आणि पोटरी ताठर असल्यास या दोन्ही गोष्टी साधत नाहीत. त्यामुळे शौचास जाण्यासारख्या खासगी बाबीतही परावलंबन येते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या, साखर कारखान्याभोवती वसलेल्या ऊसपट्ट्यात शेताचे बांध, उसाच्या सऱ्या आणि पावसाळ्यातील चिकट काळी माती यांतून बोटे घासत जाणारे पाऊल टाकणे अवघड असते. कमोड, भिंतीला लावलेला दांडा, पायऱ्यांऐवजी उतार आणि बसायला उंच खुर्ची अशा साध्या सोयींनी बराच फरक पडतो.

थंडी, थकवा, मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, अंथरुणाला खिळल्यामुळे झालेली जखम, मांसात रुतलेले नख किंवा घट्ट बूट यांमुळे ताठरता एकाएकी वाढू शकते. शरीराला वेदना जाणवत नसली तरी मेरुरज्जू तिला प्रतिसाद देतो. म्हणून ताठरता अचानक वाढल्यास औषध वाढवण्यापूर्वी असे कारण शोधणे आवश्यक असते.

उपचार

उपचाराचे उद्दिष्ट ताठरता शून्यावर आणणे हे नसून चालणे, बसणे, स्वच्छता राखणे किंवा वेदना कमी करणे यांसारखे ठरावीक कार्य सुकर करणे हे असते.

भौतिकोपचार हा उपचाराचा पाया होय. स्नायू सावकाश ताणून त्याच स्थितीत काही काळ धरून ठेवला जातो. झटके देऊन किंवा जोराने पाय ओढल्यास प्रतिक्षेप उसळतो, ताठरता वाढते आणि स्नायूला इजाही होऊ शकते. घरातील मंडळी मालिश करताना ही चूक अनेकदा करतात. यासोबत अशक्त स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायामही करून घेतले जातात. असे व्यायाम केल्याने ताठरता वाढते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. घोटा काटकोनात ठेवणारा साचा पाऊल घासणे कमी करतो.

बॅक्लोफेन, टिझानिडिन, डायझेपाम आणि डँट्रोलीन ही पोटात घेण्याची औषधे आहेत. त्यांनी सुस्ती आणि अशक्तपणा येऊ शकतो. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास भ्रम आणि झटके येण्याचा धोका असतो. ते वैद्यांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावे लागते. ताठरता मोजक्या स्नायूंत असल्यास बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन दिले जाते. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. तीव्र ताठरतेत मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात पंपाने बॅक्लोफेन सोडणे किंवा निवडक संवेदी चेतामुळे कापणे हे पर्याय आहेत. आकुंचन-विकृतीसाठी कंडरा लांब करण्याची शस्त्रक्रिया करतात.

महाराष्ट्रातील पुनर्वसन कार्य

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना शिक्षण आणि उपचार एकत्र मिळावेत हा तिचा हेतू होता. मेरुरज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळील खडकी येथे १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र सुरू झाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या विकासातील विलंब लवकर हेरण्याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश करण्यात आला आहे.

ताठर पायांनी चालणाऱ्या मुलाला वर्गात आळशी किंवा हट्टी ठरवले जाण्याची शक्यता असते. पाय न उचलण्यामागे इच्छेचा अभाव नसतो. इच्छा मेंदूतून निघते, परंतु वाटेतील तंतूंना झालेल्या इजेमुळे ती क्षीण होऊन पोहोचते आणि स्नायूचे स्वतःचे प्रत्युत्तर तिच्या आधीच उमटते. पुरेसा वेळ आणि योग्य आधार मिळाल्यास असे अनेक पाय अधिक अंतर चालू शकतात.